उषाताईंच्या सहा खुर्च्या

सिनेमा संपला की उषाताई कोपरकर दारात जाऊन उभ्या राहायच्या. हॉलला दार एकच. ताई अंगाने किरकोळ, पण दोन्ही हात चौकटीला लावून उभ्या राहिल्या की कोणाची टाप नव्हती बाहेर पडायची. "कुठे निघालात? दोन तास फुकट बघितलंत ना? मग आवडलं की नाही ते सांगून जा." कोणी घड्याळ दाखवलं की म्हणायच्या, "घड्याळ माझ्याकडेही आहे." आणि मनगट उलटं करून आतल्या बाजूला बांधलेलं घड्याळ दाखवायच्या.

सुरतेत त्या काळात आमचं एक फिल्म मंडळ होतं. नव्वदीची सुरुवात. मराठी मंडळाचा दुसऱ्या मजल्यावरचा हॉल, भिंतीला ताणलेला पांढरा पडदा, हसमुखभाईंचा खडखडणारा प्रोजेक्टर आणि पुण्याहून रेल्वे पार्सलने येणारे सिनेमाचे पत्र्याचे डबे. सभासद म्हणजे सगळे आपलेच: बँकवाले, प्राध्यापक, सरकारी नोकर, त्यांच्या बायका. बहुतेक लोक रविवारची दुपार कशी काढायची या विवंचनेतून येत, हे मी आजही सांगतो. राग आला तर येऊ दे. मी स्वतः सकाळच्या पाळीच्या मराठी शाळेत मास्तर होतो, आणि घरात पंखा बिघडलेला असायचा म्हणून जात होतो. सिनेमाचं वेड नंतर लागलं, आणि ते ताईंनी लावलं.

मंडळ ताईंनी सुरू केलं होतं आणि त्याच त्याच्या सेक्रेटरी. पद्धत अशी की एक मोठा दिग्दर्शक घ्यायचा, त्याचे पाच-सहा सिनेमे ओळीने दाखवायचे आणि शेवटी क्रम लावायचा. कधी जपानचा, कधी स्वीडनचा, कधी बंगालचा. क्रम लावायची रीत ताईंची स्वतःची. पडद्यासमोर जितके सिनेमे तितक्या खुर्च्या मांडायच्या, प्रत्येक खुर्चीवर सिनेमाच्या नावाची पाटी. ज्याला जो पहिला वाटतो त्याने त्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं. रांग लांब तो पहिला, तोकडी तो शेवटचा. आणि रांगेत जो सगळ्यात पुढे, त्याने सगळ्यांच्या वतीने कारण सांगायचं. कारण सांगितल्याशिवाय रांग मोजायची नाही.

सिनेमाची नावंही ताई पुस्तकातली घ्यायच्या नाहीत. "घड्याळाचा", "आंधळीचा", "दोन भावांचा" असं पाटीवर खडूने लिहायच्या. म्हणायच्या, "नाव दिग्दर्शकाने ठेवलंय. लक्षात काय राहिलं ते तुमचं आहे. ते लिहा."

एकदा आमचे अध्यक्ष डॉक्टर वाळिंबे यांनी मुंबईच्या कुठल्याशा साप्ताहिकातलं कात्रण आणलं. त्यात एका नामांकित समीक्षकाने आम्ही तेव्हा बघत असलेल्या जपानी दिग्दर्शकाच्या सिनेमांचा क्रम छापलेला. डॉक्टर दातांचे, पण बोलायला लागले की समोरच्याने तोंड बंदच ठेवावं अशी त्यांची अपेक्षा असे. ते म्हणाले, "उषाताई, तज्ज्ञाने लावलेला क्रम आहे. आपण उगाच खुर्च्या कशाला हलवायच्या?" ताईंनी कात्रण हातात घेतलं, नीट वाचलं आणि विचारलं, "हे गृहस्थ येणार आहेत का उभे राहायला? नाही? मग यांची खुर्ची कुठली?" आणि कात्रणाची घडी करून डॉक्टरांच्याच वरच्या खिशात ठेवली. हसमुखभाई प्रोजेक्टरमागे तोंड फिरवून हसले.

ताई टेलिफोन खात्यात होत्या. तरुणपणी ट्रंक बोर्डावर ऑपरेटर, पुढे सुपरवायझर. सुरतेतल्या कितीतरी मराठी घरांना त्यांचा चेहरा माहीत नव्हता, पण आवाज पाठ होता. "बोला, लाइन चालू आहे" हे त्यांचं वाक्य. घरी गप्पा मारतानाही कोणी अडखळलं की म्हणायच्या, "बोला बोला, लाइन चालू आहे." हात वर करून मत द्यायला त्यांचा विरोध का, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "मास्तर, मी आयुष्यभर वायरीतून माणसं ऐकली. वायरीवर माणूस काहीही बोलतो हो. समोर पायावर उभा राहिला की खरं काय ते कळतं."

प्लेगच्या साली अर्धी सुरत रातोरात गाठोडी बांधून पळाली. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. मी बायकोमुलांना घेऊन धुळ्याला गेलो. ताई बोर्डावर बसून होत्या. परत आल्यावर मी म्हटलं, "ताई, तुम्ही का नाही गेलात?" तर माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मीच ओशाळलो. "अहो, सगळे पळाले तर पोचल्याचं घरी कळवणार कोण? फोन लागायला नको?" नानपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत त्या एकट्याच राहत. लग्न केलं नव्हतं. माहेर कोकणात, राजापूरच्या बाजूला, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यापुढे विचारलं की त्या लाइन कट करायच्या.

आता मुद्द्यावर येतो. एका वर्षी मंडळाने एका हयात दिग्दर्शकाची मालिका घेतली. आपल्याच देशातला, दुसऱ्या प्रांतातला, परदेशात बक्षिसं मिळवलेला. त्यांचं नाव मी घेणार नाही. सहा सिनेमे होते, आणि मालिकेनंतर खुद्द त्यांनाच पाहुणे म्हणून बोलवायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी कुठून तरी ओळख काढली होती आणि त्यामुळे ते दोन महिने हवेत होते.

सहातला सर्वात गाजलेला तो "दाराचा". एक मुलगा बापाशी भांडून शहरात गेलेला, बऱ्याच वर्षांनी गावी येतो. बापाची नजर गेलेली. मुलगा दाराबाहेर उभा राहतो, बाप आतून विचारतो कोण आहे, मुलगा सांगत नाही. वाटसरू समजून बाप पाण्याचा तांब्या बाहेर सरकवतो. मुलगा पाणी पितो आणि निघून जातो. एवढीच गोष्ट, आणि त्यातला निम्मा वेळ कॅमेरा त्या बंद दारावर. सगळ्यात बिनमहत्त्वाचा समजला जाणारा तो "म्हशीचा". दिग्दर्शकाचा पहिलावहिला. दोन भाऊ हरवलेली म्हैस शोधत गावोगाव फिरतात आणि शेवटी म्हैस आपल्या पायांनी घरी येऊन गोठ्यात उभी असते. त्या सिनेमाची सगळी रिळं जाळून टाकावीशी वाटतात, असं म्हणे ते स्वतःच मुलाखतीत बोलले होते. मला स्वतःला "पुलाचा" आवडला होता. त्याबद्दल पुढे.

मंडळात अपेक्षेप्रमाणे "दाराचा" पहिला आला. रांग पार मागच्या भिंतीला टेकली. सर्वात पुढे डॉक्टर. त्यांनी कारण सांगितलं ते इतकं लांब आणि इतकं इंग्रजी होतं की आम्ही सगळे आदराने गप्प बसलो. ताईही त्याच रांगेत होत्या, मधे कुठेतरी, अंग चोरून. मला नवल वाटलं, कारण गर्दीच्या रांगेत त्या कधी दिसत नसत. उतरताना जिन्यात म्हणाल्या, "डॉक्टर मधल्या रिळापासून झोपले होते. घोरत होते हो. आणि मी त्यांच्या मागे उभी. असं होतं कधी कधी."

सिनेमाचे डबे रविवारी दाखवून मंगळवारी परत जायचे. सोमवार ते डबे नुसते कपाटात पडून असत. ताईंच्या डोळ्यांत ते खुपायचं. ही मालिका सुरू झाली तेव्हाच त्यांनी मला विचारलं होतं, "मास्तर, तुम्ही धुळ्याचे. घरी अहिराणी बोलता ना? नवागामात लूमवर तुमच्याच बाजूची माणसं आहेत आणि त्यांची सुट्टी सोमवारी असते. हे सिनेमे त्यांना दाखवायचे. खालची इंग्रजी अक्षरं तुम्ही माइकवर अहिराणीत सांगायची." मी म्हटलं, "ताई, डॉक्टर परवानगी देणार नाहीत." त्या म्हणाल्या, "म्हणून तर विचारत नाहीये."

तर नवागाम या माग कामगारांच्या वस्तीत, लग्नाच्या वाडीत म्हणजे तिथल्या कार्यालयात, सोमवारी दुपारी आमचे खेळ सुरू झाले. खिडक्यांवर जाडजूड सतरंज्या, पडद्याला लूमवरचं कोरं कापड, जमिनीवर बायाबाप्ये, पोरंटोरं. पहिल्या सोमवारी लोक कौतुकाने आले. दुसऱ्या सोमवारी भांडायला आले, कारण पहिल्या खेळानंतर ताई दारात उभ्या राहिल्या होत्या आणि मत दिल्याशिवाय कोणाला सोडलं नव्हतं. भांडणाऱ्यांत पुढे झुंबरबाई. नवरा लूमवर, ही घरी साड्यांचे धागे कापायची. आवाज असा की माझ्या माइकची गरज नव्हती. पहिल्याच दिवशी तिने ताईंना विचारलं होतं, "आम्हले आवडनं नही तर काय करशात?" ताई म्हणाल्या, "काही नाही. का नाही ते विचारीन." झुंबरबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग इचारा." तेव्हापासून दोघींचं जमलं.

"दाराचा" दाखवला तो शेवटचा सोमवार. मी माइक घेऊन बसलो होतो. आता ज्या सिनेमात कोणी फारसं बोलतच नाही तिथे मी सांगणार काय? दारावरचं ते लांबलचक दृश्य आलं तशी सगळी वाडी पडद्याऐवजी माझ्याकडे बघायला लागली. मला राहवेना. मी म्हटलं, "आते तो उभा शे." थोड्या वेळाने म्हटलं, "आखो उभाच शे." वाडीत हशा पिकला. ताई अंधारातून तरातरा आल्या आणि माझ्या हातातला माइक काढून घेतला. "मास्तर, तो उभा आहे हे त्यांना दिसतंय." त्यानंतर कोणी हसलं नाही, पण मागून झुंबरबाईचा आवाज आला, "हाऊ मानूस घरमा कसाले जात नही?" आणि दोघातिघांनी दुजोरा दिला.

दिवे लागले. सहा खुर्च्या मांडल्या. लोक उठले आणि निम्मी वाडी सरळ "म्हशीचा"च्या मागे. बाकीचे कोणी "पुलाचा", कोणी "आगीचा", कोणी आणखी कुठे. "दाराचा"ची खुर्ची मोकळी. ताई थोडा वेळ भिंतीशी उभ्या होत्या. मग चालत आल्या, पदर खोचला आणि त्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. एकट्या.

झुंबरबाईने म्हशीची बाजू मांडली. दोन भाऊ म्हैस शोधता शोधता आपापसात बोलायला लागतात, नाहीतर घरात एकमेकांचं तोंड बघत नव्हते, म्हणून तो पहिला, असं तिचं म्हणणं. बाकीच्यांनी आपापली बाजू मांडली. मग सगळे ताईंकडे बघायला लागले. नियम त्यांचाच होता. रांगेत जो पुढे त्याने कारण सांगायचं, आणि या रांगेत पुढे-मागे त्याच.

ताई म्हणाल्या, "मला नोकरीचा कॉल आला तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं. वडील म्हणाले, सुरतेला गेलीस तर या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. मी गेले. पुढे ते आजारी असल्याचं कळलं. त्यांना दिसत नव्हतं. मी गेले तिथवर. अंगणात उभी राहिले. त्यांनी आतून विचारलं, कोण आहे. मी म्हटलं, रस्ता चुकले. आणि परत आले. त्यांनी सांगितलं होतं पाय ठेवू नकोस, मी नाही ठेवला. आत जायचं म्हणजे माफी मागायची होती, आणि मी माफी मागण्यासारखं काही केलं नव्हतं. हा सिनेमा ज्याने काढला त्याला हे कसं कळलं मला माहीत नाही. म्हणून तो पहिला."

हे त्या नेहमीच्याच आवाजात बोलल्या, नंबर सांगावा तसं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. मला वाटलं आता झुंबरबाई डोळे पुसेल, उठून ताईंच्या मागे येऊन उभी राहील, सिनेमात येते तशी. झुंबरबाई जागची हलली नाही. म्हणाली, "ताई, तुम्ही चुकन्यात."

"नाही चुकले."

"चुकन्यात. बाप व्हता ना, वाघ व्हता का? घरमा जावाले पाहिजे व्हतं."

"नाही जायचं होतं मला."

"मंग आम्हले नही आवडनं."

"नका आवडू देऊ. मी इथेच उभी आहे."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग ताईंनी खडू उचलला, फळ्यावर "नवागाम" असं लिहिलं आणि खाली क्रम लिहिला. वर "म्हशीचा", सगळ्यात शेवटी "दाराचा". अक्षर सुरेख, एकसारखं. झुंबरबाईने चहा आणला आणि पहिली कपबशी ताईंना दिली. रिक्षात मी विचारलं, "ताई, वाईट वाटलं का?" त्या म्हणाल्या, "मंडळात एवढी माणसं माझ्या बाजूने उभी होती, तेव्हा वाटलं वाईट. आज बरं वाटलं. आज माझ्या मताला कोणीतरी उलटून बोललं."

पाहुणे यायच्या आधीच्या बैठकीत खरा बखेडा झाला. ताईंचं म्हणणं, हॉलच्या दाराशी फळा ठेवायचा, त्यावर दोन रकाने: मंडळ आणि नवागाम. नवागामच्या खेळांची कुणकुण डॉक्टरांना एव्हाना लागली होती, पण हे ऐकून त्यांचा चेहरा पडला. "अहो, एवढा मोठा माणूस येतोय. त्याचा जगभर गाजलेला सिनेमा शेवटी, आणि ज्याची त्याला लाज वाटते तो पहिला? आपण त्याचा सत्कार करतोय की अपमान? नवागामचा रकाना पुसा."

"पुसायचा नाही."

"त्या लोकांना सिनेमा कळलाच नाही, उषाताई. त्यातून या मास्तरांनी माइकवर काय काय सांगितलं देव जाणे."

"मास्तर फक्त तो उभा आहे म्हणाले, आणि तो उभाच होता. डॉक्टर, त्यांना सिनेमा कळला आणि आवडला नाही. तुम्हाला आवडला, पण कळायला जागं राहावं लागतं."

डॉक्टर लाल झाले. शेवटी म्हणाले, रकाना राहिला तर सेक्रेटरीपद राहणार नाही, विचार करा. ताई पर्स उचलून उठल्या. "विचार झालाय. त्या फळ्यावर माझं मतही हरलंय, डॉक्टर. पुसलं असतं तर मलाच बरं वाटलं असतं. पण लोक पायावर उभे राहिले होते. ते पुसता येत नाही."

बैठकीत बाकीचे सगळे आपापल्या बोटांकडे बघत होते. मी म्हटलं, "मी ताईंबरोबर आहे." ताई फिरून म्हणाल्या, "बसून काय म्हणता, मास्तर?" मी उठून उभा राहिलो.

कार्यक्रमाच्या दिवशी फळा दाराशी होता, पण कोणीतरी त्याच्यासमोर फुलांची उंच परडी उभी केलेली. ताईंनी परडी उचलून स्टेजवर नेऊन ठेवली. पाहुणे आले, थांबले, वाचलं. उंच, देखणे, पांढरी दाढी. भुवया वर गेल्या. भाषणात त्यांनी फळ्याचा उल्लेख केला, हसतच केला, पण त्या हसण्याला धार होती. चांगला सिनेमा बघायला तयारी लागते, म्हणाले, प्रत्येकाच्या मताला सारखं वजन द्यायचं म्हटलं तर म्हशीच जिंकणार. लोक हसले. डॉक्टर सगळ्यात जास्त.

ताई तिसऱ्या रांगेतून उठल्या. हिंदीत बोलल्या, त्यांचं हिंदी ट्रंक बोर्डाचं, स्वच्छ. म्हणाल्या, "साहेब, तुमच्या त्या सिनेमामागे नवागामात मी एकटी उभी होते. माझ्यासाठी तो पहिला आहे, मरेपर्यंत राहील. मी माझी बाजू मांडली, लोकांना पटली नाही. मी हरले. तुम्हीही हरलात. यात तयारी नसलेलं कोणी नव्हतं. त्यांनी तुमचे सहाच्या सहा सिनेमे पूर्ण बघितले, जागे राहून. त्यांचं मत तुम्हाला कोणी कळवलं नसतं, म्हणून मी फळ्यावर लिहिलं." आणि खाली बसल्या.

पाहुण्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मग दुसऱ्या प्रश्नाकडे वळले. जाताना फळ्याशी पुन्हा थांबतील असं मला वाटलं होतं. थांबले नाहीत. मोठी माणसं शेवटी मोठ्या मनाने वागतात असं आपल्याला वाटत असतं, आणि मला त्या गृहस्थांचा आजही राग आहे.

वार्षिक सभेत सेक्रेटरीची निवड आली. एरवी ती बिनविरोध व्हायची. या वेळी डॉक्टरांनी आपल्या भाच्याला उभं केलं. ताई म्हणाल्या, "हरकत नाही. दोन खुर्च्या मांडा. ज्याला जो हवा त्याने त्याच्या मागे उभं राहावं आणि कारण सांगावं." डॉक्टर म्हणाले, मतदान गुप्त पद्धतीने होईल. चिठ्ठ्या वाटल्या, गोळा केल्या, मोजल्या. ताई पडल्या. निकाल सांगितल्यावर त्या उठल्या आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत सावकाश म्हणाल्या, "समोर उभं राहून पाडलं असतंत तर मीच टाळ्या वाजवल्या असत्या." कोणी वर बघितलं नाही. आपल्या पाटीवरचा खडू त्यांनी पर्समध्ये टाकला आणि जिना उतरून गेल्या. मी आणि हसमुखभाई त्यांच्या मागोमाग उतरलो. हसमुखभाई म्हणाले, "बेन, प्रोजेक्टर तो मारो छे." प्रोजेक्टर त्यांचा स्वतःचा होता. हे मंडळाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मंडळाचे खेळ काही महिन्यांतच थंडावले. नवागामचे चालू राहिले. पुढे डबे मिळेनासे झाले तसं आम्ही व्हिडिओवर आलो, पण सोमवार चुकला नाही. ताई निवृत्त झाल्या, केस पांढरे झाले, गुडघे दुखायला लागले, तरी दारात उभं राहणं सुटलं नाही. दरवर्षी "दाराचा" एकदा दाखवायच्याच. दरवर्षी हरायच्या. एखाद्या वर्षी कोणी नवखा दयेपोटी त्यांच्या मागे येऊन उभा राहिला तर त्याला खडसावून विचारायच्या, "का आवडला? सांगा. नाही सांगता येत? मग जा तिकडे." आणि झुंबरबाई समोरून हसायची. या दोघी जन्माच्या मैत्रिणी झाल्या आणि त्या एका बाबतीत कधीही एक झाल्या नाहीत.

ताई गेल्या त्या अचानक. सकाळी दूध घेताना कोसळल्या, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. माहेरचं कोणी आलं नाही. नवागामचे लोक लूम बंद ठेवून आले, आणि अश्विनीकुमारच्या स्मशानघाटापर्यंत खांदा द्यायला इतकी माणसं झाली की माझी पाळी येईना.

मग डॉक्टरांनी मंडळाच्या जुन्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. ताईंच्या आठवणीसाठी त्यांचा आवडता "दाराचा" दाखवायचा आणि त्यांच्याच पद्धतीने क्रम लावायचा, ही कल्पना डॉक्टरांची. डॉक्टर थकले होते, आवाजही उतरला होता, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं असं मला वाटतं. मी नवागामात निरोप दिला. झुंबरबाई चार बायका घेऊन आली आणि पहिल्या रांगेत बसली.

सिनेमा संपला. सहा खुर्च्या मांडल्या. डॉक्टर सगळ्यात आधी उठले आणि हात जोडून "दाराचा"च्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागे अख्खं मंडळ. बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या. नवागामच्या चौघीही तिकडे वळल्या. माझेही पाय तिकडेच निघाले होते, खोटं कशाला बोलू. ताईंच्या खुर्चीमागे एवढी मोठी रांग त्यांच्या हयातीत नवागामात कधी लागली नव्हती.

झुंबरबाई सरळ चालत गेली आणि "म्हशीचा"च्या मागे उभी राहिली. एकटी. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "अहो बाई, आज तरी." ती म्हणाली, "ताई गयात म्हनीसन शिनेमा चांगला व्हयी गया का?"

मी वळलो आणि "पुलाचा"च्या मागे जाऊन उभा राहिलो, जो मला पहिल्यापासून आवडत होता. त्यातला मुकादम पूल बांधून झाल्यावर त्यावरून स्वतः एकदाही जात नाही, ते मला आवडतं. तसं मी सांगितलं. झुंबरबाईने म्हशीचं कारण सांगितलं, इतक्या वर्षांनी तेच, शब्द न बदलता. मग तिने डॉक्टरांकडे बघितलं. रांगेत पुढे तेच होते.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "उषाताईंना हा सिनेमा फार आवडायचा. म्हणून."

"ते ताईनं मत व्हतं," झुंबरबाई म्हणाली. "तुमनं काय शे ते सांगा."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मागे रांग चुळबुळायला लागली. कोणी घड्याळ बघितलं, कोणी चपला शोधायला दाराकडे सरकलं. झुंबरबाई खुर्चीमागून निघाली, सगळ्यांच्या आधी दाराशी पोचली आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली.